नकुशी, नकुशा, नकोशी

“काका, ही सगळी एकच ना?” जुबेदाने विचारलं तेव्हा अनंत खांबेटे डबा उघडत होते. डब्यात पडवळाची भाजी होती. जुबेदाने कागद डब्याशेजारी ठेवला आणि ती उभीच राहिली. कागदावर मुलींच्या नावांची यादी होती, नावासमोर आकडा, आणि त्यांतल्या सात नावांखाली तिने पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. नकुशा एकसष्ट, नकोशी चव्वेचाळीस, नकुशी अडतीस, नकुसा सत्तावीस, नकोसा एकोणीस, निकुशा बारा, नक्षी नऊ. खांबेट्यांनी यादी एकदाच वरपासून खालपर्यंत पाहिली. भाजीतून अचानक ओल्या फडक्याचा वास येऊ लागला. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, रुमालाने बोटं पुसली, मग बोटं पुसलीच नसल्यासारखा तोच रुमाल पुन्हा त्यांवरून फिरवला. “वेगवेगळी आहेत ती,” ते म्हणाले. “अर्थ वेगळा आहे?” “लेखन वेगळं आहे.” जुबेदा हसली. कंत्राटावर संगणकात नोंदी भरायला आलेली ही तिशीची मुलगी फारशी हसत नसे. “माझं नाव रेशनकार्डावर जुबेदा, शाळेच्या दाखल्यावर झुबेदा, मतदानाच्या कार्डावर जुबेदाबी आणि निकाहनाम्यावर जुबैदा आहे काका. तरी बसायला मला खुर्ची एकच लागते.”

दोन हजार चारचा श्रावण होता. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयाला पुढच्या वर्षी पंचवीस वर्षं होणार म्हणून भोइटेसाहेबांच्या डोक्यात एक पुस्तिका आली होती. ‘शहराची लाडकी नावं.’ जुनी जन्माची रजिस्टरं संगणकात चढतच होती, तर प्रत्येक दशकातली मुलांची वीस आणि मुलींची वीस नावं काढायची, वर बाळाचं चित्र, आत आयुक्तांचा संदेश. संगणकाने यादी काढली खरी, पण संगणकाला काही कळत नव्हतं. सुनीता त्याला वेगळी आणि सुनिता वेगळी, अनिता वेगळी नि अनीता वेगळी. दीर्घ की ऱ्हस्व एवढ्यावरून त्याने एकेका नावाचे दोन-दोन तीन-तीन तुकडे केले होते, आणि त्या तुकडेमोडीत एकाच तऱ्हेने लिहिलं जाणारं ‘मंगल’ सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसलं होतं. हे जुबेदाच्या लक्षात आलं. कुणी सांगितलं नसताना तिने चार दिवस बसून तुकडे जोडले. सुनीता पहिली आली, मंगल तिसऱ्यावर गेली. आणि असं जोडता जोडता तिच्या हाताला ही सात लागली. एकेकटी पाहिली तर यादीच्या तळाला, कुणाचं लक्षही जाणार नाही अशी. जोडली की दोनशे दहा. शहराच्या कडेच्या एका सूतिकागृहात एकाहत्तर ते पंच्याऐंशी या चौदा वर्षांत जन्मलेल्या मुलींमध्ये पाचवं सगळ्यांत लाडकं नाव.

“नक्षी मी अंदाजाने नाही घेतली,” जुबेदा म्हणाली. “नावाची चिठ्ठी पानाला टाचलेली आहे. चिठ्ठीवर नकुशी आहे. रजिस्टरात नक्षी. नऊच्या नऊ ठिकाणी.” तिने पेन्सिल कानामागे खोचली. “अक्षर तुमचंच आहे ना काका? चौदाही वर्षांचं?” खांबेटे म्हणाले, “हो.” आणि पुढे काहीच विचारलं नसताना त्यांनी “माझंच” असंही म्हटलं.

अक्षर हीच तर त्यांची एक गोष्ट होती. शाळेत वर्गाच्या भिंतीवरचा सुविचार अनंतने लिहायचा, लग्नाच्या पत्रिकांवरची नावं अनंतने घालायची, आणि नोकरीत चिकटल्यावर पहिल्याच वर्षी वरिष्ठांनी त्यांचं रजिस्टर दुसऱ्या कारकुनांना दाखवायला नेलं होतं. सूतिकागृहाच्या तळमजल्यावर जाळीची खिडकी होती. खिडकीच्या आत ते, टाक, निळी-काळी शाई आणि टीपकागद. खिडकीच्या बाहेर फिनेलचा वास, पानाच्या पिचकाऱ्या, बाळंतिणींच्या ओल्या लुगड्यांचा वास आणि रांगेत उभे असलेले बाप. जन्म झाला की नोंद व्हायची ती बिननावाची. नाव बारशानंतर कुणीतरी चिठ्ठीवर घेऊन यायचं. चिठ्ठी म्हणजे काय, विडीच्या कट्ट्याचा आतला कागद, कॅलेंडरचं फाटकं पान, कधी हळदीचा डाग, कधी त्याहून वाईट कसला तरी. त्या घाणेरड्या कपट्यावरून नाव उचलून आपल्या स्वच्छ रकान्यात नेऊन ठेवताना खांबेट्यांना नेहमी वाटायचं की आपण कुणाला तरी आंघोळ घालतो आहोत. ‘सुसीला’चं ते सुशीला करीत, ‘परमिला’चं प्रमिला, ‘इंदुमती’ची वेलांटी जागेवर आणीत. लोकांना ते कळतही नसे. आणि मग त्र्याहत्तर साली कधीतरी एक माणूस आला, अंगात कोपरी, हसरा, दात तंबाखूने काळे. त्याने चिठ्ठी सरकवली. खांबेट्यांनी वाचली आणि विचारलं, “हे काय?” “नाव.” “याचा अर्थ काय?” “अर्थ त्योच,” माणूस हसत म्हणाला, “तिसरी पोरगी हाय. नको म्हून नकुशी. आसं नाव ठिवलं की फुडला पोरगा व्हतो.” रांगेतले दोघे-तिघे हसले. त्या हसण्यात वाईट असं काहीच नव्हतं, बाजारात भाव विचारून हसावं तसं ते साधं हसणं होतं, आणि त्यामुळेच खांबेट्यांना ते ऐकवेना. टाकाचं टोक कागदावर टेकलेलं, ‘न’ची दांडी ओढून झालेली, पुढचं अक्षर उमटेना. त्यांनी लिहिलं, नकुशा. उषासारखं काहीतरी. निदान कानाला बरं.

तेव्हापासून हे चालू झालं. दर महिन्याला एक, कधी दोन, आषाढात जरा जास्त. कधी घाईत चिठ्ठीवरचं नकुशीच उतरलं, कधी नकोशी लिहिलं, कारण निदान ते शुद्ध तरी होतं. शब्दकोशात सापडलं असतं. कधी नकुसा, कधी निकुशा, ज्याला काहीच अर्थ नाही. फारच ओंगळ वाटलं त्या दिवशी नक्षी. नक्षी लिहून झाल्यावर ते दिवसभर खूष असत. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी एकदा मंदाकिनीला, म्हणजे बायकोला सांगितलंही होतं, “आज एका मुलीचं नशीब बदललं मी.” मंदाकिनी तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं होतं, “तिला विचारलंत?” “अगं, बारा दिवसांची आहे ती.” “मग आईला.” ते चिडले होते. बायकांना उपकार कळत नाहीत असं काहीसं त्यांना वाटल्याचं आता, एकतीस वर्षांनी, बंद डब्यासमोर बसून स्पष्ट आठवलं, आणि आपल्या त्या खुशीचीच त्यांना शिसारी आली. त्यांनी नावं धुतली होती खरी. पण प्रत्येक वेळी वेगळ्या पाण्याने. एकच नाव एकाच अक्षरात लिहिलं असतं तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुणाच्याही डोळ्यावर आलं असतं. कुणीतरी विचारलं असतं. त्यांच्या सुंदर अक्षराने त्या नावाचे सात तुकडे केले होते आणि सात कोपऱ्यांत टाकले होते.

जुबेदा यादी घेऊन साहेबांकडे गेली तेव्हा खांबेटेही गेले. का गेले ते त्यांना सांगता आलं नसतं. जयसिंगराव भोइटे वाईट माणूस नव्हता, गणपतीत सगळ्यांना स्वतः प्रसाद वाटायचा. त्याने यादी वाचली आणि चष्मा काढला. “सुनीता जोडल्यात ते उत्तम. पण हे खाली काय आहे?” “नाव आहे सर,” जुबेदा म्हणाली. “सुनीता हे नाव आहे. हे नाव आहे का? लोक दिवाळीला पुस्तिका चाळणार, चकली खाता खाता. पाचवं लाडकं नाव म्हणून हे वाचणार?” “पण नोंद आहे.” “नोंद शहरातल्या मुताऱ्यांचीही असते आपल्याकडे. तीही घालू? रंगीत छापू?” भोइट्यांनी मग खांबेट्यांकडे पाहिलं, सर्वांत जुना माणूस म्हणून, मराठीतलं जाणणारा म्हणून. “खांबेटे, तुम्ही सांगा. ही सात वेगळी नावं आहेत की एक?” पंख्याचा कटकट आवाज येत होता. साहेबांच्या टेबलावरच्या काचेखाली कुठल्या तरी सहलीचा फोटो होता, त्यात काचेतून आत गेलेला चहा सुकून तपकिरी झाला होता. खांबेटे त्या डागाकडे पाहत म्हणाले, “लेखन वेगळं आहे, साहेब.” “झालं तर मग,” भोइटे म्हणाले, “संगणकानेही वेगळंच धरलंय.” बाहेर आल्यावर खांबेट्यांना सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं हे कळताच त्यांना इतकी घाण वाटली की ते नळावर गेले आणि नळाला पाणी नव्हतं म्हणून तसेच परत आले.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला खिडकीवर दोघी आल्या. एक पासष्टीची बाई, डोक्यावर पदर, हातात पिशवी. दुसरी पंचविशीची, पांढरा सलवार-कमीज, केस घट्ट बांधलेले. तरुण बाईने कागद आत सरकवले आणि सराईतपणे सांगितलं, “जन्माच्या दाखल्यात नाव दुरुस्त करायचंय. माझी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून निवड झालीय. शुक्रवारी कागद तपासणार. दहावीचं, बारावीचं, नर्सिंगचं, सगळं एका नावाने आहे, दाखला दुसऱ्याच. तिथल्या क्लार्कनी सांगितलं, ही बाई तुम्ही नव्हेच.” खांबेट्यांनी दाखला उलगडला. नक्षी गेनबा थोपटे. जन्म अठ्ठ्याहत्तर. मग गुणपत्रिका उलगडली. नकुशी गेनबा थोपटे. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, कडा जुळवल्या, आणि त्यांना ऐकू आलं की आपण म्हणतो आहोत, “उलटं करता येईल. बाकीच्या कागदांवर नक्षी करून घ्या. राजपत्रात जाहिरात द्यायची. नाव चांगलं आहे.”

“किती दिवस लागतात त्याला?”

“दोन-तीन महिने.”

“शुक्रवार परवावर आलाय.”

“नोकरी पुन्हा निघेल. नाव आयुष्यभराचं असतं. हे दुसरं, म्हणजे हे असलं नाव घेऊन तुम्ही सरकारी दवाखान्यात, छातीवर नावाची पट्टी लावून...” तिने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, रुग्णाची जीभ पाहावी तसं. “काका, वर्गात हजेरीला सर हे नाव घ्यायचे आणि पोरं हसायची. पहिली ते दहावी. दहावीत मी शाळेत पहिली आले, तेव्हा हेच नाव फळ्यावर लिहिलं होतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. ते नाव मी कमावलंय. ही नक्षी कोण? तिने काय केलंय?” म्हातारी मधेच म्हणाली, “काय बी लिवा साहेब, पर पोरीचं काम हुं द्या. मी सरुबाई, हिची आय. घरात नक्षी कुनी म्हनलंच न्हाई कदी. आमाला म्हाईतच न्हाई ह्ये कागदाव काय हाय.” “तू थांब गं,” मुलगी म्हणाली. मग पुन्हा खिडकीत वाकून, “चूक तुमच्याकडची आहे. चिठ्ठीवर काय होतं ते बघा ना.”

रजिस्टर काढायला खांबेटे स्वतः उठले. अठ्ठ्याहत्तरचं रजिस्टर मागच्या खोलीत खालच्या फळीवर होतं. त्याला कसर लागली होती, पानं उलटताना चंदेरी किडे बांधणीत पळत होते आणि जुन्या खळीचा आंबूस वास नाकात जात होता. टाचणी गंजून कागदात शिरली होती. तिच्याभोवती रक्ताच्या डागासारखं वर्तुळ झालं होतं. चिठ्ठी वहीच्या कागदाची होती, आणि कुणातरी शाळकरी पोराकडून लिहून घेतल्यासारख्या मोठ्या अक्षरात तिच्यावर नाव होतं. शेजारच्या रकान्यात त्यांचं स्वतःचं अक्षर. ‘क्ष’ची ती वळणदार गाठ. त्या वेळी ती गाठ किती प्रेमाने घेतली होती हे त्यांना बोटांत आठवलं आणि ती गाठ आता त्यांना आतड्याच्या पिळासारखी दिसली. नियम सोपा होता. मूळ चिठ्ठी असेल तर लेखनिकाची चूक म्हणून समासात शेरा मारायचा, योग्य नाव लिहायचं, खाली सही, वर साहेबांची सही. नोंद करणारा लेखनिक अजून नोकरीत असेल तर त्याचा खुलासा जोडायचा. तेहतीस वर्षांत त्यांच्या नावावर एकही चूक नव्हती. निवृत्तीला सात महिने होते.

ते रजिस्टर घेऊन खिडकीशी आले, आणि दार उघडून त्यांनी दोघींना आत बोलावलं. खिडकीच्या जाळीतून हे बोलणं त्यांना जमलं नसतं. जुबेदाने आपली खुर्ची सरुबाईंना दिली. खांबेटे उभेच राहिले. “ती चूक नव्हती,” ते म्हणाले. “मी मुद्दाम लिहिलं. हे अक्षर माझं आहे.”

मुलीने रजिस्टरात पाहिलं, मग त्यांच्याकडे. “का?”

चांगलं वाटावं असं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, एकतीस वर्षं जुनं. तुमचं भलं व्हावं म्हणून. ते जिभेवरही आलं होतं. “किळस आली,” ते म्हणाले.

“माझी?”

“तुमची नाही. शब्दाची.”

“शब्द मलाच लावला होता ना.” ती शांतपणे म्हणाली. सरुबाई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होत्या. “हिच्या फुडं भैरू झाला,” त्या कुणालाही उद्देशून नव्हे अशा म्हणाल्या, “नावानंच झाला म्हनं. आता भैरू काय करतोय त्ये इचारू नगा.” मुलीने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. “किती जणींचं केलंत असं?” “तुमच्यासारखं नक्षी, नऊ जणींचं. इतर वेगवेगळं. मिळून एकशे बहात्तर.” आकडा त्यांच्या तोंडून इतका पटकन निघाला की जुबेदानेही मान वळवली. काल रात्रभर तो त्यांच्या डोक्यात होता, दोनशे दहातून अडतीस वजा. “मग त्यांचीही कुठेतरी अडलेली असतील की कामं,” मुलगी म्हणाली. “नाहीतर अडतील. त्यांना कळवा. काय हवंय ते विचारा. कुणाला नक्षीच हवं असेल, असू दे. पण तुम्ही ठरवू नका.”

त्यांनी टेबलाशी बसून शेरा लिहिला. लेखनिकाने मूळ चिठ्ठीशी विसंगत नोंद केली, असं वाक्य. मग योग्य नाव. पेन बॉलपेन होतं, तरी ‘न’ची दांडी ओढल्यावर हात थांबला, जसा त्र्याहत्तर साली थांबला होता. तिने टेबलावर वाकून पाहिलं, श्वास जवळून ऐकू आला. त्यांनी लिहिलं. न, क ला पहिला उकार, शी दीर्घ. अक्षर वाकडं आलं नाही. साहेबांनी सही करताना खुलासा वाचला, भुवया उंचावल्या, “अहो, नुसतं नजरचूक लिहायचं, निवृत्तीच्या तोंडावर कशाला नसती आफत,” असं म्हणाले आणि खांबेट्यांनी कागद परत न घेतल्यामुळे सही केली. चार वाजता दाखला तयार झाला. मुलीने तो उजेडात धरून एकेक अक्षर तपासलं. “बरोबर आहे,” ती म्हणाली. आभार मानले नाहीत. जाताना सरुबाईंनी मात्र हात जोडले, आणि ते हात पाहून खांबेट्यांना कालच्या नळाइतकीच घाण वाटली.

पत्ते शोधायचे म्हणून ते आणि जुबेदा दुसऱ्या दिवसापासून दुपारी बसू लागले. कडेची गावं हद्दीत आली तेव्हा गावांची दप्तरंही कार्यालयात आली होती, ती गोणपाटात बांधून माळ्यावर पडली होती. त्यांत मतदारयादी होती, घरपट्टीची वही होती. आणि मृत्यूची रजिस्टरंही होती. जुबेदानेच ती उघडली. “काका,” ती म्हणाली, “पिसरवाडी, एकोणऐंशी. नकोसी, बापाचं नाव बबन, वय चौदा महिने. आपल्याकडे जन्माला नकुशा, बाप बबन, पिसरवाडी.” खांबेट्यांनी चष्मा पुसला. गावातल्या नोंदणाऱ्याने त्याला ऐकू आलं तसं लिहिलं होतं, नकोसी, नकूसा, नकु. इकडे जन्माला एक लेखन, तिकडे मृत्यूला दुसरं, त्यामुळे एकीचाही जन्म तिच्या मरणाशी जुळला नव्हता. कागदावर या मुली जन्मल्या त्या मेल्याच नव्हत्या आणि मेल्या त्या कधी जन्मल्याच नव्हत्या. बापाचं नाव आणि गाव धरून त्यांनी एकेक जोडायला घेतलं. ताप. जुलाब. अशक्तपणा. अशक्तपणा. कारणाच्या रकान्यात काहीच नाही. नऊ दिवसांत शेहेचाळीस झाल्या. सगळ्या तीन वर्षांच्या आतल्या. जुबेदाने मग कुणी न सांगता त्याच गावांतल्या, त्याच वर्षांतल्या सुनीता तपासल्या. सुनीता दुपटीहून जास्त होत्या, त्यांतल्या अकरा गेल्या होत्या. ती संगणकासमोरून उठली आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. खांबेटे तिच्यामागे गेले नाहीत. समोर पडलेल्या गावठी अक्षराकडे ते पाहत बसले. ऱ्हस्व-दीर्घाची मारामार, शाई फुटलेली, रकाना सोडून गेलेलं. हे अक्षर त्यांच्याइतकं सुंदर नव्हतं, एवढाच फरक होता. काम दोघांनी मिळून केलं होतं.

शेहेचाळीस जणींची यादी त्यांनी स्वतःच्या हाताने, एकच लेखन धरून, दोन प्रतींत केली. एक साहेबांच्या टेबलावर ठेवली, पोच घेतली. साहेब पहिल्या पानानंतर पुढे गेले नाहीत. “याचं मी काय करू, खांबेटे?” “समासात शेरे मारायची परवानगी द्या. जन्म आणि मृत्यू जोडून.” “तीस वर्षांपूर्वीचं? कुणी मागितलंय?” “कुणी नाही.” भोइट्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी कोपऱ्यात ‘मान्य’ लिहिलं आणि म्हणाले, “पुस्तिकेत मात्र नाही हं.” पुस्तिका दिवाळीला निघाली, गुळगुळीत कागदावर, गुलाबी गालाच्या बाळाचं चित्र होतं. मुलींच्या नावांत पहिली सुनीता, चौथी संगीता, पाचवी वैशाली. खांबेट्यांना मिळालेली प्रत त्यांनी घरी नेली. मंदाकिनीने चाळली आणि विचारलं, “तुमच्या नशीब बदललेल्या कुठे आहेत यात?” तिला ते वाक्य आठवत होतं. पुस्तिकेला खळीचा ताजा वास येत होता, तो त्यांना सहन होईना, म्हणून त्यांनी ती गॅलरीत नेऊन ठेवली.

पत्रं पाठवून उपयोग झाला नाही. वीस पाठवली, सतरा परत आली, तिघींकडून काहीच नाही. तेव्हा एका शनिवारी सुट्टी काढून ते बिबवेवाडीहून दोन बस बदलून पिसरवाडीला गेले. पिशवीत जिवंत असलेल्यांची यादी होती, कोरे अर्ज होते. गावाच्या वेशीवर एका बाजूला बाराव्या मजल्यापर्यंत गेलेली इमारत हिरव्या जाळीत गुंडाळून उभी होती, दुसऱ्या बाजूला उकिरडा होता आणि मधोमध गिरणी. गिरणीच्या ओट्यावर एक म्हातारी दळणाची वाट पाहत बसली होती. अंगावर पिठाची पांढरी धूळ, नथ तेवढी चमकत होती. खांबेट्यांनी नमस्कार केला, मी जन्मनोंदीच्या कार्यालयातून आलोय असं सांगितलं, नाव विचारलं. “बायडाबाई,” ती म्हणाली, “माजी नोंद आता कशाला?” “तुमची नाही. इथे नकुशी म्हणून कुणी राहते का? पस्तिशीच्या आतली असेल. कागदावर तिचं नाव चुकीचं लागलंय.” एकाही लेखनाचा विचार न करता नाव तोंडातून सरळ बाहेर आलं होतं, आणि बाहेर आल्यावर तितकंच ओंगळ वाटलं होतं.

म्हातारीने पायातला काटा काढावा तसे डोळे बारीक केले. “कंची?” तिने विचारलं. ती बोटं मोजू लागली. “योक वरल्या आळीची, ती धुन्याभांड्याला जाती पल्याडल्या बिल्डिंगीत. योक मारुतीमागली. दोन सासरला गेल्यात, योक हडपसरला, योक कुटं काय की. माज्या सुना तिगी, त्यातल्या दोगी त्याच हायत्या, थोरलीला आमी नकू म्हन्तो नि धाकलीला बाई. नि योक व्हती ती लहानपनीच...” ती थांबली, हात झटकला, पीठ उडालं. “कंची पायजे तुमाला?”

खांबेट्यांनी यादी पिशवीतून काढली. वाऱ्याने ती फडफडली म्हणून दोन्ही हातांनी धरली.

“सगळ्या,” ते म्हणाले.

म्हातारीने त्यांच्याकडे वर-खाली पाहिलं आणि ओट्यावर सरकून जागा केली. “मंग बसा खाली,” ती म्हणाली. “येळ लागंल.”